थ्री पॉइंट एट कधी सोडायचं

त्या वर्षात माझ्या सहकाऱ्यानं मला एकच प्रश्न पाच वेळा विचारला. चार वेळा मी म्हणाले, "थांबू अजून थोडं." पाचव्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मला माझ्या उत्तराचाच वैताग आला.

प्रश्न साधा होता. ३.८ कधी सोडायचं?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मी प्रोग्रामर आहे. पुण्याच्या एका कंपनीची नोकरी नगरजवळच्या केडगावच्या घरून करते आणि नोकरीबाहेर एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळते. ते कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये व्हायचं. त्या काळातली फाइल आज दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं दिसतात. माझं सॉफ्टवेअर त्या गोंधळातून मराठी मजकूर परत काढतं. कॉलेज संपल्यावर मी नगरच्या एका छापखान्यात दीड वर्ष डीटीपी केलं होतं. तिथे जुन्या पुस्तकांच्या सीड्यांनी कपाट भरलेलं होतं आणि त्यातली एकही फाइल धड वाचता येत नव्हती. मालक म्हणायचे, पुन्हा टाइप कर. दोन पुस्तकं पुन्हा टाइप केल्यावर मी चिडून या सॉफ्टवेअरचा पहिला भाग लिहिला. पुढे नोकऱ्या बदलल्या, पण ते सुटलं नाही. मराठी पुस्तकं, अंक, कोश यांची कामं करणारे लोक ते वापरायला लागले आणि तक्रारींची मेल यायला लागली.

ते पायथन या भाषेत लिहिलेलं आहे. पायथनची दर वर्षी नवी आवृत्ती येते. तिचे कर्ते प्रत्येक आवृत्तीकडे साधारण पाच वर्षं लक्ष देतात, मग देणं थांबवतात. ३.८ कडे त्यांनी लक्ष देणं थांबवलं होतं. मी मात्र थांबवलं नव्हतं.

या सॉफ्टवेअरमधला माझा सहकारी पुण्यात राहतो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान आहे. आम्ही प्रत्यक्ष दोनदाच भेटलोय, पण रोज एकमेकांचं काम तपासतो. मला ताई म्हणतो. त्याचं म्हणणं त्यानं एकदा फोनवर नीट मांडलं होतं.

"ताई, मी एक ओळ बदलली की ती सहा आवृत्त्यांवर तपासावी लागते. पाच ठिकाणी पास होते, ३.८ वर पडते. परवाचा अख्खा रविवार त्यात गेला. आणि ज्या साधनांनी आपण तपासतो, तीच आता ३.८ घेत नाहीत. आपण त्यांच्या जुन्या आवृत्त्या धरून बसलोय. अजून किती दिवस?"

"काही लोक वापरतात रे अजून."

"किती लोक?"

मी विषय बदलला, कारण खरं उत्तर होतं एक. माझ्या माहितीत ३.८ वर असणारी एकच व्यक्ती होती. तीही मी कधी पाहिलेली नव्हती.

त्या शेवगावच्या निवृत्त शिक्षिका. तिथल्या एका चर्चच्या कार्यालयात त्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सांभाळायच्या. त्यांची मेल सगळ्यांपेक्षा वेगळी असायची. इतर लोक पडद्याचा फोटो पाठवतात. बाई पडद्यावर आलेली चूक अक्षरन् अक्षर हातानं टाइप करून पाठवायच्या, स्वल्पविरामासकट. खाली लिहायच्या, "सवडीने पाहावे, घाई नाही." मीही त्यांना बाई म्हणूनच उत्तर द्यायचे. त्यांचा संगणक विंडोज सेव्हनवर होता. त्या विंडोजवर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८. त्याच्या पुढे तो संगणक जाऊच शकत नव्हता.

एवढंच माझं कारण होतं, आणि ते सहकाऱ्याला सांगायची मला लाज वाटत होती. एका माणसासाठी त्याचे रविवार घालवतेय हे कसं सांगणार. म्हणून मी "काही लोक" म्हणायचे, थांबू म्हणायचे, आणि मग स्वतःच त्या जुन्या आवृत्तीशी झटत बसायचे. कामावरून उठून स्वयंपाकाला लागताना दात-ओठ खात असायचे. त्या बाईंचा राग यायचा, नवीन संगणक का घेत नाहीत म्हणून. त्यांची पुढची मेल आली, "घाई नाही" वाचलं, की तो राग कुठे ठेवावा ते कळायचं नाही.

पाचव्यांदा त्यानं विचारलं ते दिवाळीनंतर. मी म्हणाले, "सोडू. याच आठवड्यात."

तो म्हणाला, "नक्की ना?"

"नक्की."

खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस मजेत गेले. जुन्या आवृत्तीसाठी केलेली सगळी ठिगळं मी काढून टाकली. मूळ रूपांतराचा भाग नव्या पद्धतीनं लिहिला. जे साठ ओळींत होतं ते वीस ओळींत बसलं. बरीच वर्षं सलत असलेली एक चूकही त्यातच निघाली. मराठीत 'दुसऱ्या' लिहिताना त्या र चा जो अर्धा आकार येतो, तो आमच्या सॉफ्टवेअरमधून 'दुसर्या' असा बाहेर पडायचा. नव्या मांडणीत तो आपोआप नीट आला. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली आणि सोबत इंग्रजीत चार ओळींची सूचना लिहिली, की यापुढे ३.८ चालणार नाही. बाईंना वेगळं कळवावं असं मनात आलं होतं. पण कळवायचं म्हणजे काय लिहायचं, तुमचा संगणक जुना झाला म्हणून? पुढच्या आठवड्यात लिहू म्हणून ठेवलं.

सोमवारी अकराच्या सुमारास फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, मी शेवगावहून बोलतेय. चर्चच्या ऑफिसमधून. तुमच्या मेलखाली नंबर होता म्हणून केला. कामात नाही ना?"

आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा होता. मी म्हणाले, "बोला बाई."

"आज चालतच नाहीये. सकाळी नेहमीप्रमाणे अपडेट केलं, तेव्हापासून. सिंटॅक्स एरर म्हणतंय. मी वाचून दाखवू का?"

त्यांनी पहिली ओळ वाचायला घेतली आणि मला कळलं, नव्या पद्धतीनं लिहिलेलं त्यांच्या ३.८ ला वाचताच येत नव्हतं. हे व्हायलाच नको होतं. जुनी आवृत्ती सोडली तरी जुन्या संगणकावर असलेलं मोडत नाही. सॉफ्टवेअरच्या माहितीच्या फाइलमध्ये एक ओळ असते, किमान कुठली आवृत्ती लागेल ती. ती ओळ बरोबर असली की जुना संगणक नवीन काही उतरवून घेतच नाही, आहे त्यावर राहतो. मी फाइल उघडून पाहिली. ओळीत अजून ३.८ च लिहिलेलं होतं. सगळं बदललं होतं, तेवढं एक बदलायचं राहिलं होतं. वर्षभर ज्या आवृत्तीसाठी झटले, ती सोडताना बाईंचा संगणक मीच मोडला होता, आणि तोही एका आकड्यानं.

सहकाऱ्यानंही माझं काम तपासून पास केलं होतं. त्याला फोन केला. तो म्हणाला, "माझ्याही नजरेतून गेलं, ताई." दहा मिनिटांत आम्ही ती आवृत्ती मागे घेतली आणि ओळ दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केली. पण बाईंच्या संगणकावर जे बसायचं ते बसलेलं होतं. ते काढून जुनं परत बसवायला त्यांना एक कमांड लिहावी लागणार होती.

मी ती फोनवर सांगायला लागले. "बरोबरचं चिन्ह दोनदा, मध्ये जागा न सोडता."

"लिहून घेतलं. पण मॅडम, नेट माझ्या फोनचं आहे. मी बोलत असले की नेट जातं. ठेवते, करून बघते आणि तुम्हाला करते."

त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा आला. काहीतरी नवीनच चूक आली होती. त्यांनी ती वाचली, मी दुसरी कमांड सांगितली, त्यांनी ठेवला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मागून एका माणसाचा आवाज आला, "बाई, मंग मी जाऊ का उद्या येऊ?"

"कोण आहे?" मी विचारलं.

"एक जण आलेत. आईची नोंद पाहिजे. आज दुसऱ्यांदा आलेत." मग हात फोनवर ठेवून त्या त्याला म्हणाल्या, "गुरुवारी या. गुरुवारपर्यंत होईल."

गुरुवारी मीच येते असं बाईंना सांगून मी फोन ठेवला आणि कंपनीत सुट्टी टाकली.

गुरुवारी मिरीमार्गे शेवगावला जाणारी एसटी मिळाली. रस्त्याला कापूस खरेदीचे वजनकाटे लागले होते. ऊसतोडीला निघालेल्या माणसांचे ट्रॅक्टर समोरून येत होते, वर भांडी, कोंबड्या, गाठोडी. सव्वादोन तासांत मी मनातल्या मनात बाईंना सतरा प्रकारे समजावलं की सॉफ्टवेअर असंच असतं, सगळं सगळ्यांसाठी कायम चालू ठेवता येत नाही. सगळी वाक्यं बरोबर होती. ऐकायला मात्र सगळी खोटी वाटत होती.

कार्यालय म्हणजे चर्चच्या आवारातली एक खोली. लोखंडी कपाट, लाकडी टेबल, भिंतीवर घड्याळ. बाई सत्तरीच्या असतील, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. बाकावर पन्नाशीचा एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. पाणी झालं. बाईंनी त्याला सांगितलं, "या नगरच्या मॅडम. यांनीच ते बनवलंय."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे तुमीच का ते बंद केलं?"

त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "चुकून झालं. आज करून देते."

"आईच्या आधारवर जन्मसाल चुकलंय. तिचं साल इथंच लिवलेलं हाय म्हने. सोमवारी आलो तवा बंद. त्याच्या आदी आलो तवा बाई दवाखान्यात गेलत्या." त्यानं टोपी झटकली. "तुमचा काय दोष न्हाई म्हना. मशीनचं काय सांगता येतंय."

दोष माझाच होता, पण त्याला ते आवृत्त्यांचं प्रकरण कुठून सांगायचं. मी खुर्ची ओढून संगणकासमोर बसले.

जुनं परत बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बाईंनी फोनवर माझी कमांड अचूक टाइप केली होती, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये उभं राहून. ते त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सॉफ्टवेअर चालू झालं. बाई म्हणाल्या, "आता मी बसते," आणि मी उठले.

नोंदींची गोष्ट त्यांनी काम करता करता सांगितली. पूर्वीच्या एका कारकुनानं सगळ्या वह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. नंतर मूळ वह्यांपैकी काहींना वाळवी लागली, त्यांच्या नोंदी आता फक्त त्या फायलींतच आहेत. बाई दर सोमवारी एका सालाची फाइल घेतात, माझ्या सॉफ्टवेअरमधून काढतात आणि एकेक नोंद मूळ फाइलशी ताडून पाहतात. या माणसाच्या आईचं साल अजून व्हायचं होतं. त्यांनी ते लावलं. मिनिटभरात मजकूर आला. त्यांनी शोधायच्या चौकटीत त्याच्या आजोळचं आडनाव लिहिलं.

काहीच सापडलं नाही.

तो माणूस पुढे सरकला. मी म्हणाले, "साल मागेपुढे असेल का?"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी आडनाव पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी चुकीचं लिहिलं. त्या आडनावात तोच 'दुसऱ्या'तला अर्धा र होता, आणि तो त्यांनी 'दुसर्या' सारखा टाइप केला. नोंद लगेच समोर आली. मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, जन्माची तारीख.

"तुमचं हे अर्धा र नीट देत नाही ना," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणून शोधताना मी पण चुकीचंच लिहिते. सवय झालीय, आत्ता तुमच्यासमोर विसरले."

त्यांनी नोंद ताडली, दाखला छापला, सही-शिक्का केला. तो माणूस दाखला उजेडाकडे धरून बराच वेळ वाचत उभा राहिला. मग म्हणाला, "तिला वाटतंय त्येच्याहून तीन वर्सं थोरली निघाली." घडी न करता कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला, आम्हा दोघींना नमस्कार केला आणि स्टँडकडे गेला.

आम्ही दोघीच राहिलो. मी वरमून गेले होते. ती र ची चूक बाईंनीच दोन वर्षांपूर्वी मला कळवली होती, हातानं टाइप केलेल्या मेलमध्ये, चार उदाहरणांसह. मी त्यांना लिहिलं होतं की पाहते.

"बाई, तो र दुरुस्त झालाय," मी म्हणाले. "पण नव्या आवृत्तीत. ती या संगणकावर चालणार नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे जे मी सांगितलं, ते मलाच मिळणार नाही."

एसटीतली सतरा वाक्यं होती, त्यातलं एकही इथे चालणार नव्हतं.

मग मी संगणकाचा विषय काढला. माझ्याकडे जुना पण बरा लॅपटॉप पडून होता, तो देते म्हणाले. बाईंनी संगणकाच्या मागे हात घालून एक पेन ड्राइव्हसारखी वस्तू दाखवली. ते जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉक. ते लावल्याशिवाय मूळ फाइल उघडत नाही, आणि ते नव्या विंडोजवर चालत नाही. पुण्याला एकाला दाखवूनही झालं होतं. "मूळ फाइल दिसली नाही तर ताडणार कशाशी? वाळवी लागलेल्या वहीशी?" त्या म्हणाल्या. "आणि माणसाचं जन्मसाल आहे, अंदाजानं कसं लिहू?"

नवीन संगणक का घेत नाहीत म्हणून मी वर्षभर त्यांच्यावर चिडले होते. एकदाही विचारलं नव्हतं.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवीन काढलंत ते ठीक. पण मी जुन्यावरच राहिले असते तर चाललं असतं का?"

"चाललं असतं. तुमचं होतं तसं चालूच राहिलं असतं."

"मग मी दर सोमवारी अपडेट कशाला करत होते?"

"का करत होता?" मी विचारलं.

त्यांनी एक वही काढली. पहिल्या पानावर कामाच्या पायऱ्या शाळेच्या फळ्यावर असतात तशा सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. पहिली पायरी होती, प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी अपडेट करून घेणे. बाजूला कंसात तारीख आणि 'मॅडमची मेल'. मी तसं लिहिलं होतं हे मला आठवतही नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, कुठल्या तरी घाईत, त्यांचा प्रश्न लवकर मिटावा म्हणून लिहिलं असणार. त्यांनी ते नियम म्हणून पाळलं होतं. म्हणजे मी त्यांच्यासाठी वर्षभर जुनी आवृत्ती ओढत होते आणि त्या माझ्या सांगण्यावरून नको असलेलं नवीन दर आठवड्याला उतरवून घेत होत्या. दोघींपैकी कुणालाच ते हवं नव्हतं.

मला आधी हसू येईल असं वाटलं, पण इतका वैताग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बाई उठल्या आणि चहा टाकायला मागच्या घरात गेल्या. मला वाटतं, मुद्दामच गेल्या.

चहा घेताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला एकदा विचारायचं होतं, मॅडम. मी सांगितलं असतं. लई लोकांना वाटतं की आमच्यासारख्यांना कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहकाऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, "काही लोक" म्हणजे एकच बाई होत्या हेसुद्धा. तो चिडला. त्याचं चिडणं रास्त होतं.

"वर्षभरात कधीही मला एकच माणूस आहे म्हणून सांगितलं असतंत तर मी स्वतः गेलो असतो शेवगावला. मी आपला पन्नास-साठ लोक असतील म्हणून गप्प बसत होतो."

"चुकलं माझं."

"आता काय करायचं म्हणताय?"

"३.८ सोडलंय, ते सोडलेलंच राहू दे. पण र ची दुरुस्ती जुन्या मांडणीत बसवून एक शेवटची आवृत्ती काढायची. ती शेवटची असं स्पष्ट लिहून."

"जुन्या मांडणीत ती बसत नाही म्हणून तर नवीन लिहिलं आपण."

"बसवते मी. तू फक्त तपास."

"आणि पुढच्या वेळी? ३.९ ची वेळ येईल तेव्हा? तेव्हा कुणाच्या गावाला जाणार आहात?"

त्यावर आमचं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, भाषेचे कर्ते सोडतील त्या दिवशी आपणही सोडायचं, चर्चा नको. माझं म्हणणं, तारीख त्यांची घेऊ, पण सहा महिने आधी सांगायचं, मराठीत सांगायचं, आणि ज्यांच्या मेल त्या आवृत्तीवरून येतात त्यांना नावानिशी विचारायचं. तो म्हणाला, विचारून ते नको म्हणाले तर? मी म्हणाले, तरी सोडायचं, पण त्यांच्यासाठी शेवटची नीट चालणारी आवृत्ती कुठली ते ठरवून. "म्हणजे विचारायचं आणि ऐकायचं नाही," तो म्हणाला. नियम तरीही तसाच लिहिला.

र बसवायला पाच संध्याकाळी गेल्या. ज्या ओळी आनंदानं पुसल्या होत्या, त्याच परत उकराव्या लागल्या. प्रत्येक फॉन्टमध्ये तो र वेगळ्या जागी लपलेला. एका फॉन्टमध्ये दुरुस्त केला की दुसऱ्यात 'वाऱ्यावर' बिघडायचं. नवऱ्यानं विचारलं, एवढं कुणासाठी चाललंय? मी म्हणाले, ज्यांनी चूक शोधली त्यांच्यासाठी. सहकाऱ्यानं तपासताना दोन चुका काढल्या आणि न बोलता दुरुस्तही करून दिल्या.

शेवटची आवृत्ती निघाली. बाईंना मी फोनवर कमांड सांगितली नाही, पायऱ्या लिहून पाठवल्या, कुठल्या फोल्डरमध्ये जायचं इथपासून. शेवटी लिहिलं, यापुढे अपडेट करू नये. त्यांचं उत्तर आलं की र आता नीट येतो, पण हात चुकीचं लिहायला सरावलाय, तो वळायला वेळ लागेल.

साडेतीन-चार महिन्यांनी त्यांची अजून एक मेल आली. एका सालाच्या फाइलमध्ये कारकुनानं मध्येच दुसरा फॉन्ट वापरला होता आणि त्यातला 'ॲ' नीट निघत नव्हता. खाली चार उदाहरणं, आणि घाई नाही.

त्या मेलला उत्तर द्यायला मला सकाळ गेली. तीन ओळी होत्या. जुन्या आवृत्तीत आता कुठलीही दुरुस्ती होणार नाही. ही चूक मी नव्या आवृत्तीसाठी नोंदवून ठेवते. क्षमस्व. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मनात हिशेब चालू होता की एकच अक्षर आहे, एका संध्याकाळी होईल. मग पुढचं अक्षर, मग त्याच्या पुढचं. पाठवून टाकलं.

तासाभरात उत्तर आलं. "सध्या नाही की कधीच नाही, एवढं कळवावे. म्हणजे मी त्याप्रमाणे हाताने दुरुस्त करत जाईन."

मी लिहिलं, "कधीच नाही, बाई."

त्यांनी धन्यवाद लिहिलं.

सहकाऱ्याला मी ती सगळी मेल दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "ताई, हे एक वाक्य तुम्ही त्यांना दीड वर्षापूर्वी लिहायला हवं होतं. त्यांनी तेव्हाही असंच उत्तर दिलं असतं."

त्याचं बरोबर होतं. मी त्याला तसं म्हटलं नाही. ३.९ वरून कोणाकोणाच्या मेल येतात त्याची यादी काढायला सांगितली आणि फोन ठेवला.